छावी, शेय आणि रविवारची रात्र

मुलांना शाळेतून मिळालेला प्रोजेक्ट हा खरं तर आईबापाचा प्रोजेक्ट असतो आणि तो रविवारी रात्री जेवणं झाल्यावरच आठवतो, यात देशाचा काही संबंध नाही. मला उगाच वाटलेलं की स्वीडनला आलो म्हणजे सुटलो. वाईला असताना बहिणीच्या पोरासाठी रात्री साडेनऊला थर्माकोलचा शीट मिळवायला मी अख्खी बाजारपेठ पालथी घातलीय, अर्धं शटर ओढलेल्या दुकानात वाकून "काका, एकच शीट" करत. इथं स्टॉकहोमला थर्माकोल मागत नाहीत. इथं व्युत्पत्ती मागतात.

झालं असं की आमच्या कन्येच्या वर्गाने, सहावीच्या, स्वतःचा एक ज्ञानकोश करायला घेतलाय. प्रत्येकाने एक टपोरी, म्हणजे पूर्वी टपोरी असलेला चालेल, असा स्वीडिश शब्द निवडायचा आणि त्याला ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद का मिळावी हे दोन पानांत पटवून द्यायचं, वर किमान तीन स्रोत. 'फीका' पहिल्याच दिवशी कुणीतरी पळवला. फीका म्हणजे कॉफी, सोबत वेलदोड्याचा बन आणि ऑफिसातलं काम बिनधास्त थांबवून मारलेल्या गप्पा. जुन्या बोलीतल्या 'काफी'ची अक्षरं उलटी केली की फीका. आपण लहानपणी च ची भाषा बोलायचो ना, तसलाच उद्योग, फक्त तो इथं एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या माणसांनी केला आणि आता तो पर्यटन खात्याच्या जाहिरातीत असतो.

आमच्या बाईसाहेबांनी घेतला 'शेय'. शेय म्हणजे मुलगी, पोरगी. मुलाला म्हणतात 'किल्ले', पण 'शेय'च्या चालीवर मी पहिले सहा महिने शिल्लेच म्हणत होतो आणि लोक फार सभ्य असल्याने कुणी सांगितलं नाही.

शाळेतल्या मॅडमनी (इथं त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची असते, ते मला अजून जमत नाही, मी मनातल्या मनात मॅडम लावतो) वहीत लिहून पाठवलं की हा नुसता शब्द आहे, शब्दकोशात आहेच, ज्ञानकोशात गोष्टींची नोंद असते, शब्दांची नाही. सोमवारपर्यंत पटवून दे नाहीतर दुसरा शब्द घे.

आता हे मला लागलं. वाईच्या माणसाला शब्दकोश आणि ज्ञानकोशातला फरक सांगायचा म्हणजे जरा जास्तच झालं. मराठी विश्वकोश आमच्या गावात तयार झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आमच्या गावचे, वीस खंड! माझा त्या वीस खंडांशी संबंध एवढाच की विश्वकोशाच्या ऑफिसवरून सायकल मारत मी क्लासला जायचो, पण अभिमानाला तेवढं पुरतं.

"शब्दकोशाचं मला सांगू नका," मी सोफ्यावरून सुरू केलं. "यांच्या स्वीडिश अकॅडमीच्या मोठ्या शब्दकोशाचा पहिला भाग आला १८९३ मध्ये आणि शेवटचा २०२३ मध्ये. एकोणचाळीस खंड. तोवर काय झालं, तर ए अक्षर इतकं आधी छापून झालेलं की त्यात ॲलर्जी हा शब्दच नाही. इकडे मे महिन्यात बर्चच्या परागांनी अर्धं गाव शिंकतंय आणि कोशात..."

"बाबा," कन्या म्हणाली, "ॲलर्जी माझा शब्द नाहीये."

बरोबर. मग आम्ही लागलो कामाला. पहिला मुद्दा तिनेच काढला, शेयमीलेन. फक्त बायकांसाठीची दहा किलोमीटरची रेस, स्टॉकहोममध्ये १९८४ पासून चालू. मग शेयवासान, तीस किलोमीटर स्कीवर, ती १९८८ पासून. टपोरी शब्दाच्या नावाने एवढ्या मोठ्या शर्यती होतात म्हणजे शब्द चांगल्या घरात नांदायला लागला म्हणायचा. आपल्याकडे 'पोट्टी मॅरेथॉन' असं नाव ठेवून बघा बरं कुणी. पण कन्येचं म्हणणं पडलं की ही शर्यतींची नोंद झाली, शब्दाची नाही, मॅडम खोडणार. पोरगी वकील होणार बहुतेक.

मग शब्द आला कुठून ते बघायला घेतलं आणि मी ताठ बसलो. शेय हा स्वीडिश नाहीच. तो रोमा लोकांच्या रोमानी भाषेतला, मूळ 'छाय', अर्थ मुलगी. छायचा पुल्लिंगी जोडीदार 'छावो', मुलगा. रोमा लोक हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडूनच निघालेले, त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान आणि माणसाला मानुष म्हणतात. आणि छावो म्हणजे, अहो, आपला छावा! सिंहाचा छावा, हत्तीचा छावा, तोच. प्राकृतातला 'छाव' एक इकडे राहिला, एक चालत चालत उत्तर ध्रुवाकडे गेला.

"म्हणजे शेय म्हणजे," मी उत्साहात जरा मोठ्याने बोललो, "शेय म्हणजे छावी!"

किचनमधला नळ बंद झाला.

"काय शिकवतोयस तू तिला?" आतून आवाज.

"व्युत्पत्ती," मी म्हटलं.

"कॉलेजला तुमचा कट्ट्यावरचा ग्रुप मला लांबून बघून काय म्हणायचा, ते मला माहितीये. व्युत्पत्ती!"

कन्येचे डोळे चमकले. छावी म्हणजे काय, ते गुड की बॅड, आईला म्हणायचे तर आईला राग आलेला का, आणि मग लग्न कसं केलं? मी घाम पुसत सांगितलं की छावी म्हणजे मुलगी, पण जरा, म्हणजे मित्रांमध्ये म्हणायचं, घरात नाही, टीचरसमोर तर नाहीच. "पण शेय टीचर पण म्हणतात," ती म्हणाली. तेच तर ना! तोच शब्द, घराणं एकच, एक बहीण स्टॉकहोममध्ये बातम्यांमध्ये वापरतात, शर्यतीच्या टीशर्टवर छापतात, आणि दुसरी बहीण वाईच्या एसटी स्टँडमागे अजून हळू आवाजात. एकीचं नशीब बघा आणि दुसरीचं बघा.

माझं हे भाषण चालू असताना ती मात्र शांतपणे वाचत होती. थोड्या वेळाने म्हणाली, बाबा, रोमा लोक स्टॉकहोममध्ये पहिल्यांदा आल्याची नोंद १५१२ ची आहे. आणि १९१४ ते १९५४ त्यांना देशात यायलाच बंदी होती. चाळीस वर्षं. म्हणजे माणसं नकोत, पण शब्द यांनी घेतलाच, वर विसरून गेले की तो कुणाचा आहे. २००० साली कुठे रोमानीला राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषा म्हणून मान्यता मिळाली. मग म्हणाली, अर्थ दोन शब्दांत सांगता येतो, तो शब्दकोशात ठेवा, पण हे सगळं कुठे ठेवायचं?

मी काही बोललो नाही. म्हणजे बोलणार होतो, विश्वकोश, तर्कतीर्थ वगैरे, पण ती लिहायला लागली होती आणि मला तिने प्रिंटरमध्ये कागद भरायच्या कामाला लावलं. तेवढंच काम मला नीट येतं असं एकंदर मत दिसलं.

साडेअकराला लक्षात आलं की स्रोत दोनच झालेत. तिसरा? तोवर भारतात पहाटेचे तीन. म्हणून सोमवारी सकाळी सातला, दूध-सिरियल खाता खाता, वाईला व्हिडिओ कॉल. आईने नेहमीप्रमाणे फोन असा धरलेला की आम्हाला तिचं कपाळ आणि पंखा दिसत होता.

"आजी, छावी हा शब्द तुला माहितीये?"

कपाळावर आठ्या. "कुणी शिकवला गं तुला?"

"बाबांनी."

"त्याला दे जरा फोन."

"थांब ना, शाळेसाठी हवंय. तुमच्या वेळी पण हा शब्द म्हणायचे का? प्रूफ हवंय. आजी, तुला कुणी कधी छावी म्हटलेलं का?"

"छे! काहीतरीच काय. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नीट अभ्यास करा, आणि स्वेटर घातलास का..."

आणि मागून, पंख्याच्या पलीकडून कुठूनतरी, बाबांचा, म्हणजे माझ्या बाबांचा आवाज आला. हा माणूस फोनवर "बरंय, ठेवतो" याच्या पलीकडे कधी बोलत नाही.

"नव्हतं कसं? अख्खी बाजारपेठ म्हणायची!"

फोन पडला. पंखा गेला, फरशी आली, मग काळं झालं आणि कॉल कट.

कन्येने चमचा वाटीत ठेवला, पेन काढलं आणि स्रोतांच्या यादीत तिसऱ्या नंबरवर स्वीडिशमध्ये व्यवस्थित लिहिलं: आजोबा, वाई, तोंडी माहिती. मग बस पकडायला पळाली.