नकाशा रंगला, नळाचं काय?

पुण्याच्या मित्रांच्या ग्रुपवर अधूनमधून एक पीडीएफ येऊन पडतं. विकास आराखड्याचं, म्हणजे डीपीचं पान. मोबाइलवर कितीही मोठं केलं तरी गट नंबर काही वाचता येत नाहीत. तरीही खाली जुंपते: हिरवा (शेतीचा) पट्टा पिवळा (निवासी) कसा झाला, मैदानाचं आरक्षण कुणी उठवलं, रस्ता नेमका कुणाच्या जमिनीपाशी येऊन वळला. निमित्तं संपतच नाहीत. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्दच केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडचा आला, तिथेही हरकतींचा ढीग. जुन्या पुणे शहराचा २००७ ते २०२७ साठीचा आराखडा मंजूर व्हायला २०१७ उजाडलं. वीस वर्षांच्या आराखड्याची निम्मी मुदत तो तयार होण्यातच सरली.

मग कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्याकडे नसेल ना असलं काही?"

मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहतो. इथलं उपनगर म्हणजे स्वतंत्र महापौर आणि नगर परिषद असलेलं छोटं शहरच. १९७६ च्या कायद्यानुसार या महानगरातल्या सात काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) प्रत्येक शहराला दर दहा वर्षांनी सर्वंकष आराखडा नव्याने करावा लागतो. सध्या २०५० च्या आराखड्यांची तयारी चालू आहे. ते २०२८ अखेर द्यायचे आहेत. भांडणं इथेही होतातच. सिटी हॉलच्या सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, समोरचा दिवा लाल झाला की बोलणं थांबवायचं. परवाच्या सुनावणीत बोलणारे बहुतेक निवृत्त घरमालक होते आणि विषय एकच, तळ्याशेजारच्या शेतात अपार्टमेंट नकोत. रहदारी वाढेल, शाळा भरतील, झाडं जातील. त्या अपार्टमेंटमध्ये उद्या जे राहायला येणार, त्यांच्यातलं सभागृहात कुणीच नव्हतं. ते असणार तरी कसे? लोकसहभागाचे गोडवे गाणाऱ्यांनी अशी एखादी सुनावणी शेवटपर्यंत बसून पाहावी.

तेव्हा इथली माणसं जास्त सज्जन आहेत, असं मला अजिबात वाटत नाही. फरक आहे तो ड्रेनेजच्या पाइपात.

इथल्या मुख्य मलवाहिन्या आणि मैलाशुद्धीकरण केंद्रं मेट्रोपॉलिटन कौन्सिल या प्रादेशिक संस्थेकडे आहेत. (तिचे सगळे सदस्य राज्यपाल नेमतात, म्हणून 'न निवडलेले लोक आमच्यावर राज्य करतात' ही ओरड इथेही ऐकू येते.) पाइप कुठवर जाणार याची हद्द नकाशावर आखलेली असते. हद्दीबाहेरच्या ग्रामीण पट्ट्यात साधारण दहा एकरांमागे एक घर, शेतीच्या पट्ट्यात चाळीस एकरांमागे एक. हद्दीच्या आत उलटा नियम लागू होतो: पाइपावर खर्च केलाय, तर काठावरच्या शहरांतही एकरी किमान तीन-पाच घरं तरी झालीच पाहिजेत. प्रत्येक नव्या घरामागे मलवाहिनीच्या क्षमतेपोटी सुमारे अडीच हजार डॉलर भरावे लागतात. कोणतं काम कोणत्या वर्षी आणि कुठल्या पैशातून, हा भांडवली कार्यक्रमही आराखड्याचाच भाग असतो. आराखडा वाचायला अत्यंत कंटाळवाणा आहे, निम्मी पानं पंप आणि पाइपांच्या व्यासांची. पण जोर त्याच पानांत आहे.

आपला १९६६ चा नगररचना कायदा काही वाईट नाही. प्रारूप प्रसिद्ध करा, हरकती मागवा, सुनावणी घ्या, सरकारची मंजुरी घ्या, सगळं त्यात आहे. खर्चाचा अंदाजही द्यावा लागतो. पण तो आकडा अहवालाच्या शेवटी निवांत पडून राहतो. त्याला ना साल जोडलेलं, ना अंदाजपत्रकातलं शीर्ष. आरक्षणं टाकली जातात, जागा घ्यायला पैसे नसतात. मंजुरीपासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो आणि पुढच्या दोन वर्षांत हालचाल झाली नाही की आरक्षण उठतं. मग आपण म्हणतो, बिल्डरने खाल्लं. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा काही खायची गरजच पडत नाही, नुसतं वाट पाहत बसलं तरी पुरतं.

माझा धाकटा भाऊ पुण्याच्या पूर्वेला राहतो. त्याच्या चार इमारतींच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरची रांग लागते. फ्लॅट घेताना त्याने कागद नीट तपासले होते. परवानगी होती, भोगवटा प्रमाणपत्र होतं आणि पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असं बिल्डरचं हमीपत्रही होतं. "दादा, सगळं कायदेशीर आहे," तो म्हणाला, "फक्त पाणी नाही." नळ नसताना घर बांधू देणारं हे हमीपत्र मला डीपीतल्या कुठल्याही रंगबदलापेक्षा घातक वाटतं.

त्याची किंमत जानेवारी २०२५ मध्ये दिसली. सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलेन बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि बोट पाण्याकडे गेलं. नांदेड, किरकटवाडी ही तिथली गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण तिथल्या अनेक घरांत विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून जात होतं. हद्द वाढवायला एक अधिसूचना पुरते, जलशुद्धीकरण केंद्राला मात्र वर्षं लागतात.

पाइप हे दुधारी शस्त्र आहे, हेही इथे अमेरिकेतच कळलं. आमच्या शेजारच्या लेक एल्मो या गावाला ग्रामीणच राहायचं होतं. त्यांनी मलवाहिनी आणि तिच्यासोबत येणारी वस्ती दोन्ही नाकारली. कौन्सिल म्हणालं, महानगरात राहायचं तर वाढीतला आपला वाटा उचला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००४ मध्ये गाव हरलं. आज तिथे नव्या घरांच्या ओळी उभ्या आहेत. शेतं गेली याचं मलाही वाईट वाटतं. पण मोठमोठे प्लॉट राखून 'निसर्ग वाचवतो' म्हणणाऱ्यांमुळे बाकीच्यांना आणखी वीस मैल लांब घर घ्यावं लागतं, हे त्या वादात फारसं कुणी बोललं नाही.

आता पैशांचं. इथे घरपट्टी चांगलीच बोचते आणि पाण्याचं, ड्रेनेजचं बिल वेगळं येतं. पुण्यातल्या समाविष्ट गावांच्या मिळकतकर वसुलीला २०२४ मध्ये सरकारने स्थगिती दिली, तेव्हा ग्रुपवरच्या निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या. सेवा नाही तर कर कशाला, हा गावकऱ्यांचा प्रश्न रास्तच आहे. कर नाही तर सेवा कुठून, हा पालिकेचाही. हा गुंता दोघांपैकी कुणी आधी नमतं घेतल्याने सुटणार नाही. इथली शहरं रोखे काढतात, आधी पाइप टाकतात आणि घरं होत गेली तशी विकसन शुल्कातून फेड करतात. पुणे महापालिकेनेही २०१७ मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले होते, म्हणजे वाट अनोळखी नाही. भावाच्या सोसायटीची आराखड्यावरची हरकत मी लिहून दिली, तीत रंगांबद्दल एक ओळही नाही. आमच्या रस्त्यावरची जलवाहिनी आणि ड्रेनेज लाइन कोणत्या वर्षी, कोणत्या पैशातून, आणि तोवर याच रस्त्यावर नव्या बांधकामांना परवानगी का, एवढंच विचारलंय.