‘९४ टक्के अपघात माणसामुळे’: चालकविरहित गाड्यांच्या लाडक्या दाव्याची तपासणी

चालकविरहित गाड्यांबद्दलचा एक मजकूर गेली काही वर्षं रूपं बदलत फिरतो आहे. त्याचा गाभा असा: ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीमुळे होतात. यंत्र दारू पीत नाही, झोपत नाही, फोन बघत नाही, त्यामुळे ते चुकत नाही. कोट्यवधी मैल धावून त्याची सुरक्षितता सिद्ध झाली आहे. लोक या गाड्यांची आतुरतेने वाट बघत आहेत. आणि भारताने त्या आणल्या तर वर्षाला दीड-पावणेदोन लाख जीव वाचतील. यात थोडं खरं आहे, आणि ते नेमकं किती हे सांगितल्याशिवाय उरलेलं खोडण्यात अर्थ नाही.

‘९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीमुळे’

हा आकडा अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या २०१५ च्या एका छोट्या टिपणातून आला. त्यामागची पाहणी २००५ ते २००७ मधली, ५,४७० अपघातांची. तपासनीसांनी प्रत्येक अपघातात एक ‘निर्णायक कारण’ नोंदवलं, म्हणजे धडकेआधीच्या घटनाक्रमातली शेवटची कडी. ती ९४ टक्के अपघातांत चालकाकडे गेली. वाहन, परिसर आणि अज्ञात यांच्या वाट्याला प्रत्येकी दोन टक्के आले. ही कडी म्हणजे अपघाताचं कारण नव्हे आणि तिच्यावरून दोषही ठरत नाही, असं त्याच टिपणात स्पष्ट लिहिलेलं आहे. फिरणाऱ्या मजकुरात नेमकं तेवढंच वाक्य गळतं.

दिवे नसलेलं वळण, उलटा उतार दिलेला रस्ता, पाऊस, झिजलेले टायर आणि अर्धा सेकंद उशिरा दाबलेला ब्रेक, असा अपघात घ्या. शेवटची कडी ब्रेकची, म्हणून नोंद चालकाच्या नावावर. वळण दुरुस्त केलं असतं तर तोच चालक, तोच उशीर, आणि अपघात नाही. आपल्याकडच्या एफआयआरमध्येही ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवून’ हे शब्द जवळजवळ छापील असतात. रस्त्याच्या आखणीसाठी तिथे रकानाच नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमंडी यांनी २०२२ च्या सुरुवातीला या आकड्यावर जाहीर टीका केली आणि पुढे महामार्ग प्रशासनाने तो आपल्या संकेतस्थळावरून काढला. मजकुरातून मात्र तो गेलेला नाही.

बरं, आकडा जसाच्या तसा मानला तरी ‘माणूस वजा केला की ९४ टक्के अपघात वजा’ हे गणित जमत नाही. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये याच पाहणीतले अपघात पुन्हा तपासले. केवळ नीट न दिसल्यामुळे किंवा चालक शुद्धीत नसल्यामुळे झालेले अपघात साधारण एक तृतीयांश निघाले. उरलेल्यांत मोठा वाटा होता वेगाचा, घाईचा आणि दुसरा काय करेल याच्या चुकीच्या अंदाजाचा. तीक्ष्ण डोळे लावून ही चूक जात नाही. गाडीने प्रवाशाची घाई बाजूला ठेवून वेग कमी करायला हवा, तसं तिला शिकवलेलं असायला हवं. यावर उद्योगाचा आक्षेप असा की आमच्या गाड्या वेगमर्यादा पाळतात, त्यामुळे फायदा एक तृतीयांशापेक्षा बराच जास्त होईल. आक्षेप रास्त आहे. पण मग श्रेय ‘माणूस नसण्याला’ नव्हे, हळू चालवण्याच्या निर्णयाला जातं.

‘यंत्र थकत नाही, म्हणून चुकत नाही’

थकत नाही हे खरं. चुकतं मात्र वेगळ्या तऱ्हेने, आणि ती तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे.

१८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेंपे शहरात उबरच्या चाचणीतल्या व्होल्वो गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवलं, ती दगावली. तपासात निघालं की गाडीला ती ५.६ सेकंद आधीच ‘दिसली’ होती. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या गाडीला थांबायला एवढा वेळ पुरतो. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी ‘इतर वस्तू’, कधी सायकल ठरवत राहिली आणि दर वेळी वर्गवारी बदलली की आधीच्या हालचालीची नोंद पुसून नव्याने सुरुवात करत राहिली. हालचालीचा इतिहासच नाही, तर ती कुठे चालली आहे याचा अंदाज कसा लागणार? त्यात ही आखणी झेब्रा क्रॉसिंगबाहेर रस्ता ओलांडणारा पादचारी धरतच नव्हती. शेवटी धोका कळला तेव्हा उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून घातलेला एक सेकंदाचा विलंब आडवा आला. व्होल्वोचं स्वतःचं आपत्कालीन ब्रेकिंग दोन प्रणालींची गल्लत नको म्हणून बंद ठेवलेलं होतं. देखरेखीला बसलेली चालक फोनवर कार्यक्रम बघत होती. आता यातली माणसाची चूक कोणती आणि यंत्राची कोणती? फोन पाहणं माणसाचं. पण तो एक सेकंद, ती पुसली जाणारी नोंद, तो बंद ठेवलेला ब्रेक हेही माणसांनीच घेतलेले निर्णय होते, फक्त कचेरीत बसून आणि कित्येक महिने आधी.

दुसरं उदाहरण २ ऑक्टोबर २०२३ चं, सॅन फ्रान्सिस्कोतलं. माणूस चालवत असलेल्या एका गाडीने पादचारी महिलेला धडक दिली आणि ती शेजारून जाणाऱ्या, जनरल मोटर्सच्या क्रूझ या कंपनीच्या चालकविरहित गाडीपुढे फेकली गेली. क्रूझने ब्रेक लावले, तरी धडक झाली. इथवर कदाचित कुठल्याही चालकाचं असंच झालं असतं. पुढे मात्र सॉफ्टवेअरने ही बाजूची धडक समजून ‘वाहतुकीत अडथळा नको, कडेला घे’ हा ठरलेला क्रम सुरू केला आणि खाली अडकलेल्या महिलेला सुमारे वीस फूट फरफटत नेलं. गाडीखाली माणूस असू शकतो ही शंका माणसाला येते. त्या सॉफ्टवेअरला ती आली नाही. कॅलिफोर्नियाने त्याच महिन्यात क्रूझचे परवाने थांबवले, कंपनीने ९५० गाड्या रिकॉल केल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने तिच्या रोबोटॅक्सीला, म्हणजे चालकविरहित टॅक्सीसेवेला, पैसे देणंच बंद केलं.

आणखी एक फरक. माणसाची चूक त्याच्यापुरती असते. सॉफ्टवेअरची चूक एकाच वेळी ताफ्यातल्या सगळ्या गाड्यांत बसलेली असते. डिसेंबर २०२३ मध्ये फीनिक्समध्ये एक पिकअप ट्रक उलट्या तोंडाने, तिरका ओढून नेला जात होता. गुगलच्या मूळ कंपनीच्या मालकीच्या वेमो या रोबोटॅक्सी कंपनीच्या एका गाडीने तो कुठे वळेल हे चुकीचं ताडलं आणि त्याला धडकली. काही मिनिटांत वेमोची दुसरी गाडी त्याच ट्रकला तशीच धडकली. ऑस्टिनमध्ये मुलांच्या चढउतारासाठी थांबलेल्या शाळेच्या बस वेमोच्या गाड्यांनी ओलांडण्याचे प्रकार वारंवार झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यासाठी रिकॉल करावा लागला. याची दुसरी बाजूही खरी आहे: दुरुस्तीही एका झटक्यात सगळ्या गाड्यांत पोचते. शेजाऱ्याने केलेल्या चुकीवरून माणूस क्वचितच शिकतो.

‘कोट्यवधी मैलांनी सुरक्षितता सिद्ध’

मजकुरातला सगळ्यात बळकट मुद्दा हाच, आणि तो उडवून लावणारेही चुकतात. वेमोने जानेवारी २०२५ पर्यंतच्या ५.६७ कोटी चालकविरहित मैलांची तुलना त्याच शहरांतल्या मानवी चालकांशी केली. पादचारी जखमी होणारे अपघात ९२ टक्क्यांनी कमी निघाले, सायकल व मोटरसायकलस्वार जखमी होणारे ८२ टक्क्यांनी आणि चौकातले वाहनांच्या धडकेत इजा होणारे ९६ टक्क्यांनी. अभ्यास कंपनीच्याच लोकांचा आहे, पण तज्ज्ञ परीक्षणातून गेलेला आहे. स्विस री या पुनर्विमा कंपनीबरोबर विम्याच्या दाव्यांवर केलेल्या वेगळ्या अभ्यासाची दिशाही तीच होती. एवढा फरक हा आकड्यांचा खेळ म्हणून झटकता येत नाही.

पण तो कोणाबद्दल आहे? एका कंपनीच्या, लायडार (लेझरने अंतर मोजणारं उपकरण), रडार आणि कॅमेरे अशा तिहेरी नजरेच्या, तपशीलवार नकाशा आधीच तयार असलेल्या भागात धावणाऱ्या, अडल्यास दूरच्या केंद्रातून माणसाचा सल्ला घेणाऱ्या गाड्यांबद्दल. फीनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, ऑस्टिन या बर्फ जवळपास न पडणाऱ्या शहरांबद्दल. द्रुतगती मार्गांवर सामान्य प्रवाशांना नेणं तर नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. हा निकाल दुसऱ्या कंपनीला किंवा दुसऱ्या रस्त्याला आपोआप लागू होत नाही.

शिवाय हे आकडे इजांचे आहेत. मृत्यूंबाबत तेवढ्या ठामपणे बोलायला मैल कमी पडतात, आणि ते का हे साध्या गणिताने कळतं. अमेरिकेत दर दहा कोटी मैलांमागे साधारण एक मृत्यू होतो. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १.०९ हा दर धरला होता. एखादी घटना एकदाही न घडता किती अंतर कापलं म्हणजे तिचा दर अमुक एका पातळीखाली आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येईल, याचा ठोकताळा म्हणजे तीनला त्या दराने भागणं. उत्तर येतं २७.५ कोटी मैल, तेही एकही मृत्यू न होता. शंभर गाड्या ताशी २५ मैलांनी अहोरात्र चालवल्या तर साडेबारा वर्षं. आणि मध्येच सॉफ्टवेअर मुळापासून बदललं तर जुने मैल कितपत धरायचे, हा प्रश्न उरतोच.

‘टेस्लामध्ये हे आजच मिळतं’

नाही. अमेरिकेत ग्राहकांना विकलेल्या टेस्लांतली ऑटोपायलट आणि फुल सेल्फ ड्रायव्हिंग ही सोय स्वयंचलनाच्या शून्य ते पाच या मापात दुसऱ्या पातळीची, म्हणजे मदतनिसाची आहे. नजर रस्त्यावर हवी आणि जबाबदारी चालकाची. चालक लक्ष देतो का हे तपासणारी व्यवस्था तोकडी आहे, या कारणावरून डिसेंबर २०२३ मध्ये वीस लाखांवर टेस्ला रिकॉल झाल्या. वेमो चौथ्या पातळीवर आहे: ठरलेल्या हद्दीत चालक लागतच नाही. एकीचे मैल दुसरीच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

‘लोक आतुर आहेत’

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०२५ च्या पाहणीत चालकविरहित गाडीत बसण्यावर विश्वास असणारे चालक १३ टक्के होते, भीती वाटणारे दहापैकी सहा. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत अशा गाड्यांचा सर्रास वापर समाजासाठी वाईट म्हणणारे ४४ टक्के आणि चांगला म्हणणारे २६ टक्के. आपण बसणार नाही म्हणणारे ६३ टक्के. याला आतुरता म्हणायचं तर शब्दकोश बदलावा लागेल. तरीही २०२५ च्या वसंतात वेमोच्या पैसे मोजून केलेल्या फेऱ्या आठवड्याला अडीच लाखांवर पोचल्या होत्या. यात विसंगती नाही. गाडी दारात येऊन उभी राहते तिथे लोक ती टॅक्सी म्हणून वापरतात. अमेरिकाभरातल्या ज्या बहुसंख्यांनी ती पाहिलेलीही नाही, ते तिला भितात. पहिल्या आकड्यावरून मागणी नाही असं म्हणणं आणि दुसऱ्यावरून सगळ्यांना हवी आहे असं म्हणणं, दोन्ही सारखंच घाईचं.

‘भारतात लाखो जीव वाचतील’

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे, १९.५ टक्के पायी चालणारे. कार, टॅक्सी, व्हॅन यांतले १२.५ टक्के. कार शहाणी झाली तर तिच्यासमोर येणारा पादचारीही वाचेल, हे मान्य. पण दुचाकी दुचाकीवर आदळते, खड्ड्यात पडते, कडेला बिनदिव्याच्या उभ्या ट्रॉलीत घुसते, तिथे चालकविरहित कारचा काय संबंध? त्या वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले. यावर लायडार लागत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते, २०२० मध्ये ६६. टाळेबंदीचा हात त्यात होताच, पण उघड्या खांबांपुढे अडथळे बसवणं, कठड्यांची टोकं सुरक्षित करणं, थांबलेली वाहनं हटवणं अशी कामंही त्या काळात झाली.

आणि रोबोटॅक्सी इथे येण्यात आज तरी तंत्रज्ञानाआधी धोरण आडवं आहे. नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितलं होतं की चालकांचे रोजगार जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही.

हातात आज जे आहे ते म्हणजे नव्या गाड्यांतलं ‘एडास’, चालकाला मदत करणाऱ्या प्रणालींचा संच. त्यातलं आपोआप लागणारं ब्रेकिंग खरोखर कामाचं आहे: वर उल्लेखलेल्या विमा संस्थेच्या अभ्यासांत त्याने पाठीमागून होणाऱ्या धडका निम्म्यावर आणल्या, पादचाऱ्यांचे अपघात २७ टक्क्यांनी घटवले, मात्र दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर पादचाऱ्यांच्या बाबतीत फरक आढळला नाही. आपले बहुतेक राज्यमार्ग तसेच असतात, त्यामुळे रात्री याच्या भरवशावर वेग वाढवू नये.

दुसरी गोष्ट देखभालीची. कॅमेरा समोरच्या काचेमागे, आरशाजवळ असतो. रडार बहुधा पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे. बाहेरून बसवलेला लोखंडी गार्ड, जो तसाही बेकायदा आहे, रडारच्या वाटेत येऊ शकतो. काच बदलली, बंपर उतरवला, कधी व्हील अलाइनमेंट केलं, तरी कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा-रडारची दिशा अचूक जुळवणं, पुन्हा करावं लागू शकतं. कॅमेरा एक अंश जरी फिरला तरी पन्नास मीटरवर ८७ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि शंभर मीटरवर पावणेदोन मीटरचा, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनच्या निम्मा. समोरची गाडी तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हे तिथेच चुकतं. कॅलिब्रेशनसाठी सपाट फरशी, ठरलेल्या अंतरावर ठेवलेला खुणेचा फलक आणि टायरमध्ये योग्य हवा लागते. काही गाड्यांना पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर चालवूनही पाहावं लागतं. स्वस्तात काच बसवून देणारे बरेच जण यातलं काहीच करत नाहीत, आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा दर वेळी लागेलच असं नाही. काच बदलल्यावर बिलात कॅलिब्रेशनची वेगळी ओळ आहे का ते बघावं आणि यंत्रातून निघालेला अहवाल मागून घ्यावा.