झोन बदलायचं कलम 39अ 2025 च्या निकालात रद्द झालेलं नाही, हरकती घालत राहा

गोव्यातल्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की हायकोर्टाने झोन (म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर) बदलायचा कायदाच उडवला, त्यामुळे मेगा हाउसिंगवाले आता आपोआप गेले, हरकतीबिरकती देत बसू नका. हे चुकीचं आहे आणि अशा मेसेजने नुकसान गावाचंच होतं.

13 मार्च 2025 च्या निकालात हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) खालचे नियम आणि गाईडलाईन्स रद्द केल्या, आणि कलमाचा अर्थही आवळून घेतला. प्रादेशिक आराखडा 2021 मधल्या 'चुका दुरुस्त' करायच्या नावाखाली भातशेती, बागायत, डोंगरउतार यांचं एकेक प्लॉट धरून सेटलमेंट (म्हणजे बांधकामाचा झोन) करणं चाललं होतं (चुका पण कशा, नेमक्या विकायच्या जमिनीतच!) त्याला हा दणका होता.

पण 39अ हे त्याच कायद्यातलं झोन बदलायचं वेगळं कलम आहे, 2024 मध्ये आलेलं, आणि त्या निकालात ते रद्द झालेलं नाही. यात अर्ज आला की नोटीस निघते आणि लोकांना म्हणणं मांडायला किमान 30 दिवस मिळतात, मग विषय नगरनियोजन बोर्डापुढे जातो. म्हणजे मेसेज वाचून गप्प बसलात तर तेच 30 दिवस हातचे जाणार.

दुसरं, ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे प्रोजेक्ट कॅन्सल, असंही नाही हो. सांकवाळ गावात 2024 मध्ये मेगा हाउसिंगविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले ते उगाच नाही. ठराव हवाच, पण झोन ठरतो टीसीपीत (नगरनियोजन खात्यात) आणि बांधकाम परवाना देते पंचायत, तेव्हा सर्व्हे नंबर घालून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.