‘निकाल पहिल्या ३० सेकंदांत लागतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कंपन्यांच्या भरतीचे दिवस आले की आयटीआय आणि डिप्लोमाच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं सार असं: मुलाखतीचा निकाल पहिल्या ३० सेकंदांत लागतो, इंग्रजीतून ओळख पाठ करा, ‘येत नाही’ असं कधीच म्हणू नका, सकाळी काही खाऊ नका, कागदपत्रं मोबाइलमध्ये असली की झालं, पगाराचा विषय काढू नका. दहा मिनिटांच्या मुलाखतीला यातलं थोडंफार चालून जाईल. पण नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा नाहीतर थेट पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात सकाळी ९ ला गेटच्या आत घेतात आणि संध्याकाळी ५ ला सोडतात, त्या मुलाखतीत हाच सल्ला नडतो.

आधी ते ३० सेकंद. दिवसभराच्या मुलाखतीत कागदपत्रं, लेखी चाचणी, प्रात्यक्षिक, तांत्रिक प्रश्न आणि शेवटी एचआर अशा चार-पाच पायऱ्या असतात. प्रत्येक ठिकाणी माणूस वेगळा आणि त्याच्यासमोर गुणांचा कागदही वेगळा. हे कागद संध्याकाळी एकत्र येतात. नीटनेटके कपडे आणि वेळेवर पोचणं हवंच, पण गडबड होते ती दुपारनंतर. एकच काम तीन जणांना सांगताना सकाळी ‘सहा महिने’ म्हटलेलं असतं आणि चार वाजता त्याचं ‘वर्षभर’ होतं. कागद शेजारी ठेवले की हा फरक लगेच दिसतो.

यावर उपाय म्हणजे स्वतः केलेली पाच कामं आधीच कागदावर मांडणं: यंत्र कोणतं, बिघाड काय, कारण काय, आपण काय केलं, पुढे काय झालं. प्रत्येक काम दोन मिनिटांत, मोठ्याने बोलून, निदान तीनदा सांगून पाहा. ‘आमच्याकडे अनुभवच नाही’ असं गावाकडची पोरं म्हणतात, ते बहुतेक वेळा खरं नसतं. वावरातली मोटर जळणं हेच घ्या. ५ एचपीची थ्री-फेज मोटर पूर्ण भारावर साधारण साडेसात अ‍ॅम्पियर घेते. एक फेज गेला तरी मोटर फिरत राहते, आणि उरलेल्या दोन फेजमधला करंट जवळपास १.७ पट, म्हणजे १३ च्या घरात जातो. करंट वाढला की मोटर बंद पाडणारा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी तो १५ वर नेऊन ठेवलेला असतो, त्यामुळे तो पडत नाही आणि वाइंडिंग जळते. ‘काहून जळली?’ या प्रश्नाला ‘लोड आला’ हे उत्तर गावात चालतं. वरचा हिशोब मांडणाऱ्या इलेक्ट्रिशियनला मात्र समोरचा पुढचा प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न यावा हीच आपली गरज असते.

इंग्रजी ओळखीचं थोडक्यात. पाठ केलेली चार वाक्यं संपली की दुसऱ्याच प्रश्नाला गाडी अडते, आणि आधीच्या फाड-फाड इंग्रजीमुळे ती शांतता जास्तच जाणवते. सुरुवातीलाच ‘सर, मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का?’ असं विचारा. शॉप फ्लोअरच्या, म्हणजे यंत्रांवरच्या कामाला बहुतेक जण हो म्हणतात. रिले, बेअरिंग, टॉलरन्स हे शब्द तसेच ठेवा, वाक्य आपल्या भाषेत बोला. वऱ्हाडी हेल लपवायच्या भानगडीत पडू नका. जिथे परदेशी ग्राहकाशी रोज बोलायचं आहे तिथे इंग्रजी खरोखरच तपासतात, पण तिथेही पाठांतर कामाला येत नाही.

‘येत नाही म्हणू नका’ हा सल्ला प्रात्यक्षिकात सगळ्यात महाग पडतो. फिटरच्या हातात बारीक माप घ्यायचा व्हर्नियर देतात तेव्हा मापाइतकंच लक्ष त्याच्या पद्धतीवरही असतं: जबडे पुसले का, बंद करून शून्य जुळतं का पाहिलं. ०.०२ मिमी लघुत्तम मापाच्या व्हर्नियरवर बंद स्थितीत ०.०४ दिसत असेल, तर आलेल्या मापातून तेवढे वजा करायचे. विसरलात आणि मध्येच ध्यानात आलं, तर तसं सांगून पुन्हा माप घ्या. रेटून चुकीचा आकडा सांगणारा माणूस उद्या जॉब स्क्रॅप करेल, हा हिशोब समोरच्याने केलेला असतो. न पाहिलेल्या यंत्राबद्दल ‘हे चालवलं नाही, पण लेथवर अमुक केलंय’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

उपाशी जाण्याबद्दल काय बोलावं! मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो, गेटवर तास-दीड तास उभं राहावं लागतं आणि जेवणाची सुट्टी कधी होईल ते कोणी सांगत नाही. सकाळी पोळी-भाजी किंवा साधे पोहे खाऊन निघा. तर्री परतीच्या वेळी खा. सोबत शेंगदाणे-गूळ आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घातलेली बाटली असू द्या, चमचा चहाचा. गडचिरोली किंवा मेळघाटातून पहिली एसटी धरून ९ चं गेट गाठता येत नाही, तेव्हा आदल्या दिवशी मुक्कामाला या. हिंगण्यासाठी सीताबर्डीहून लोकमान्य नगरची मेट्रो सोयीची. पुण्याला जाणाऱ्यांनी रेल्वेची रात्र आणि मुलाखत यांत एक दिवस मोकळा ठेवावा. पायात बंद बूट हवेत, चपलेवर शॉपमध्ये सोडत नाहीत.

मोबाइलमधली कागदपत्रं? बऱ्याच कारखान्यांत मोबाइल गेटवरच जमा होतो. डिजिलॉकर वैध आहे, पण फोन सिक्युरिटीच्या पेटीत असेल तर त्याचा उपयोग काय? मूळ प्रती, स्वतःच्या सहीचे तीन झेरॉक्स संच, सहा फोटो आणि दोन फोन नंबर कागदावर लिहिलेले, एवढं पिशवीत हवंच. कॉल आला त्याच दिवशी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव ताडा. आडनाव मागे-पुढे असणं एक वेळ समजावता येतं, पण स्पेलिंग वेगळं असेल तर पुढे पीएफ खात्याला आधार जोडताना अडकतं, आणि आधारची दुरुस्ती एका रात्रीत होत नाही.

राहिला पगार. तांत्रिक फेरीत तो विषय नको, हे बरोबर. एचआरच्या फेरीत मात्र विचारायलाच हवं, कारण सांगितलेला आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत मोठं अंतर असतं. उदाहरणार्थ एकूण पगार १६,०००, त्यात मूळ वेतन १२,०००. त्यावर १२ टक्के पीएफ १,४४०, ईएसआयचे (कामगार विम्याचे) एकूण पगारावर ०.७५ टक्के म्हणजे १२० आणि पुरुषांना व्यवसाय कर २०० कापला की १४,२४० उरतात. कंपनीच्या वाट्याचे पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे ५२० मिळवून हीच नोकरी ‘सीटीसी (कंपनीचा एकूण खर्च) १७,९६०’ म्हणून सांगितली जाते. चाकणला खोली आणि मेस त्या १४,२४० मधूनच भागवायची आहे. म्हणून तीन गोष्टी विचारा: हातात किती येतील, रोल (हजेरीपटावरचं नाव) कंपनीचा की ठेकेदाराचा, आणि हे अ‍ॅप्रेंटिसचं पद आहे का. गणवेश किंवा डिपॉझिटच्या नावाखाली पैसे मागितले, किंवा मूळ सनद ठेवून घेतो म्हणाले, तर कागद पिशवीत भरा आणि परतीची एसटी धरा.