अठ्ठावीसशेचे पंचवीस लाख

निवृत्त माणसाने रिकाम्या वेळेत काय करावे, हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांपैकी कोणाचेही न ऐकता मी पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा शिकायला घेतली, आणि तीही शिकवणीवाचून, कारण सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब दरमहा वहीत मांडण्याचा मला वीट आला होता. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत फावल्या वेळचा उद्योग म्हणून ही भाषा रचायला घेतली आणि १९९१ मध्ये लोकांच्या हाती दिली. तिचे नाव अजगरावरून नव्हे, तर एका ब्रिटिश विनोदी टीव्ही कार्यक्रमावरून ठेवलेले आहे, हे वाचून मला उगाचच धीर आला.

मेंटेनन्सचे २५०० आणि पार्किंगचे ३०० अशा दोन रकमा टंकून मी बेरीज मागितली, तेव्हा उत्तर आले २५००३००. त्या हिशेबाने पहिल्या मजल्यावरच्या जोशीबुवांना महिन्याकाठी पंचवीस लाख तीनशे रुपये भरावे लागले असते, आणि ते पार्किंगच्या तीनशेवरूनही भांडतात. खुलासा असा, की ‘इनपुट’ने, म्हणजे टंकलेले वाचून घेणाऱ्या आज्ञेने, घेतलेली कोणतीही गोष्ट पायथनच्या लेखी निव्वळ मजकूर असते आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकाला एक चिकटवणे, आकडा हवा असेल तर त्याला आधी ‘इंट’ या मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या आज्ञेच्या कंसात बसवावे लागते. मात्र हेच ‘इंट’ देवनागरीत लिहिलेले २५०० सुद्धा बिनतक्रार स्वीकारते. मराठीला अभिजात दर्जा मिळायला २०२४ साल उजाडले. पायथनने हा मान त्याच्या कितीतरी आधीच दिलेला होता.

त्यानंतर समासाचा सोवळेपणा सुरू झाला. कोणती ओळ कोणत्या अटीखाली येते, हे या भाषेत ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून ठरते. एका ओळीआधी टॅब आणि पुढच्या ओळीआधी आठ स्पेस असल्या, तर दोन्ही ओळी पडद्यावर अगदी एका रेषेत दिसू शकतात आणि तरीही यंत्र ‘टॅबएरर’ म्हणून अडून बसते. मी पडद्याला फूटपट्टी लावून पाहिली. ओळी सरळच होत्या. न दिसणाऱ्या चुकीबद्दल दिसणारी शिक्षा देण्याची ही पद्धत मी यापूर्वी फक्त सरकारी कचेरीत पाहिली होती.

बारा महिन्यांचा तक्ता करताना ‘रेंज’ या ओळीने आकडे मोजून देणाऱ्या आज्ञेमध्ये १ आणि १२ लिहिले, तर शेवटचा आकडा धरायचा नाही या दंडकामुळे महिने अकराच भरले. आमचे वर्ष एप्रिलला सुरू होत असल्याने खजिनदारांनी तक्ता पाहून एवढेच विचारले, “काका, मार्च माफ केलात का?”

खरा घोळ पैशांनी घातला. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ अशी देते, कारण एक दशांश हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका मावतच नाही. यावर जाणकारांचा तोडगा असा, की रक्कम रुपयांत न ठेवता पूर्णांकी पैशांत ठेवावी. तो मला पटला आणि गेल्या महिन्याच्या पावत्यांवर ‘२८०००० पैसे’ असे चोख छापून आले. हिशेब एका पैशानेही चुकलेला नाही, हे मी समितीच्या बैठकीत उदाहरणासह सिद्ध केले. समितीने माझे अभिनंदन करून, पुढील सूचनेपर्यंत पावत्या हातानेच फाडाव्यात, असा ठराव एकमताने संमत केला.