मोटन हायस्कूल: संप सगळ्यांना ठाऊक, जमाखर्च कुणालाच नाही

अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांचा विषय निघाला की आपल्याकडे वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा 1954 चा ब्राउन खटला सांगतात आणि गोष्ट तिथेच मिटते. न्यायालयाने निकाल दिला, शाळा एक झाल्या, बस्स. व्हर्जिनियात, फार्मव्हिलच्या रॉबर्ट रुसा मोटन या काळ्या मुलांच्या हायस्कूलचं मात्र खरं रामायण या निकालानंतर सुरू झालं.

इमारत 1939 ची. सोय 180 मुलांची, पण 1951 पर्यंत पट साडेचारशेच्या वर गेला. व्यायामशाळा नाही, कॅफेटेरिया नाही. गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये दोन्ही. नवी इमारत मागितली तर प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आवारात लाकडी खोल्या ठोकून दिल्या आणि त्यांना वरून डांबरी कागद लावला. आत एक शेगडी. तिच्याजवळची मुलं भाजून निघायची, लांबची कोट घालून कुडकुडायची आणि पावसात छत गळायचं.

23 एप्रिल 1951 ला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप घडवला. एका खोट्या फोनवर मुख्याध्यापकांना गावात पाठवलं, त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गात फिरवून सगळ्यांना सभागृहात गोळा केलं. हा भाग सगळे रंगवून सांगतात. खरी कलाटणी पुढे आहे. मुलांना हवी होती चांगली इमारत. वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी अट घातली: लढायचं तर वेगळ्या शाळांविरुद्धच. पालक कबूल झाले, महिन्याभरात खटला दाखल झाला आणि पुढे ब्राउनमध्ये सामील झाला.

तोवर काउंटीला एकाएकी पैसे सापडले. 1953 मध्ये नवं कोरं मोटन हायस्कूल उभं राहिलं. मुलांनी मुळात मागितलं ते मिळालं, पण वेगळेपण टिकावं म्हणून! इमारतीवर समाधान मानलं असतं तर खटला तिथेच बसला असता.

निकालानंतर व्हर्जिनियाने पाच वर्षं टोलवाटोलवी केली. 1959 मध्ये एकत्रीकरणाचा आदेश टाळता येईना, तेव्हा काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने फक्त एकच केलं: शाळांसाठी कर लावायला नकार. पैसा नाही म्हणून काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळा बंद, त्यात मोटनही. कागदावर भेदभाव शून्य, कारण शाळा कुणालाच नाही! गोऱ्या मुलांसाठी मात्र खासगी अकादमी लगेच सुरू झाली. पहिलं वर्ष देणग्यांवर निघालं. 1960 पासून राज्याकडून फीसाठी दर मुलामागे 125 किंवा 150 डॉलर, वर काउंटीचे 100. म्हणजे प्राथमिकला 225, हायस्कूलला 250. शिवाय खासगी शाळेला देणगी दिली की मालमत्ता करात 25 टक्क्यांपर्यंत सूट. सरकारी शाळेला नाकारलेला पैसा असा मागच्या दाराने वळवला.

तुम्हीही खासगी शाळा काढा, असा देकार काळ्या पालकांनाही होता. त्यांनी तो नाकारला. ‘मुलांची वर्षं वाया घालवली’ असा ठपका त्यांच्यावर ठेवणारे आजही भेटतात. मला तो अन्यायाचा वाटतो. देकार घेतला असता तर खटल्याचा पायाच गेला असता. पण किंमत भयंकर होती, हे नाकारू नये. काही मुलं चर्चच्या तळघरात शिकली, काहींना परगावी परक्या घरांत ठेवलं, कित्येकांची शाळा कायमची सुटली. 1963 ला तात्पुरत्या मोफत शाळा निघेपर्यंत चार वर्षं काउंटीत त्यांच्यासाठी औपचारिक शिक्षण नव्हतं.

25 मे 1964 ला सर्वोच्च न्यायालयाने या शाळाबंदीविरुद्धच्या ग्रिफिन खटल्यात नेमकी नस पकडली. नुसतं ‘शाळा उघडा’ म्हणून उपयोग नव्हता. गरज पडल्यास कनिष्ठ न्यायालय मंडळाला कर बसवायलाही भाग पाडू शकतं, असं सांगितलं. मग त्या शरद ऋतूत शाळा उघडल्या. गोरी मुलं बहुतेक अकादमीतच राहिली, त्यामुळे ‘एकत्रित’ शाळेत जवळपास सगळी मुलं काळीच. 1953 च्या मोटनचं नाव पुढे प्रिन्स एडवर्ड काउंटी हायस्कूल झालं. जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे.

शाळाबंदीने शिक्षण हुकलेल्यांसाठी व्हर्जिनियाने शिष्यवृत्ती सुरू केली, ती 2004 मध्ये. 1959 ला पहिलीत जायला निघालेलं मूल तोवर पन्नाशी ओलांडून गेलं होतं.