कोरोनेलच्या पराभवाचं खापर ‘कॅनोपस’वर नको

पहिल्या महायुद्धातल्या नौदलाबद्दल वाचणाऱ्यांमध्ये एक गोष्ट सतत फिरत असते. 1 नोव्हेंबर 1914 रोजी चिलीच्या किनाऱ्याजवळ, कोरोनेलला, जर्मन अॅडमिरल श्पे यांनी ब्रिटिश अॅडमिरल क्रॅडॉक यांच्या ताफ्याचा धुव्वा उडवला. ‘गुड होप’ आणि ‘मॉनमथ’ या क्रूझर, म्हणजे वेगवान लढाऊ नौका, बुडाल्या, सुमारे 1600 नाविकांपैकी एकही वाचला नाही. गोष्ट सांगते, की याला कारण ‘कॅनोपस’ ही युद्धनौका. तिच्या मुख्य इंजिनिअरनं खोटा अहवाल दिला म्हणून ती तीनशे मैल मागे राहिली. ती असती तर तिच्या बारा इंची तोफांनी जर्मनांना लोळवलं असतं. आणि वर हेही, की ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं भंगारच होती, युद्धात तिचा उपयोग शून्य.

एकच नौका लढाई जिंकून देणारीही आणि भंगारही, हे एकत्र कसं बसतं?

आधी भंगाराचं पाहू. ‘कॅनोपस’ पोर्ट्‌स्मथला बांधली गेली, 1897 मध्ये पाण्यात उतरली आणि 1899 च्या अखेरीस सेवेत आली. तिच्या वर्गातल्या सहा नौका पूर्वेकडच्या समुद्रांचा विचार करून आखलेल्या होत्या. त्यांना क्रुपचं नवं पोलादी चिलखत होतं, वॉटर-ट्यूब बॉयलर होते आणि अठरा नॉटचा (ताशी अठरा सागरी मैल) वेग होता. त्या काळासाठी हे पुढचं पाऊल होतं. 1906 मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही नव्या धाटणीची ब्रिटिश युद्धनौका आली आणि अशा सगळ्याच नौका एकदम जुन्या ठरल्या. त्यात ‘कॅनोपस’चा काय दोष?

इंजिनिअरचा मुद्दा अर्धा खरा आहे. नौका बारा नॉटच्या वर जाऊ शकत नाही, असं त्यानं कळवलं होतं. प्रत्यक्षात ती सुमारे सोळा नॉट काढू शकत होती, आणि तो माणूस आजारी होता. पण दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर ‘कॅनोपस’ पोहोचल्यावर तिच्यासाठी न थांबता पुढे निघण्याचा निर्णय क्रॅडॉक यांचा होता. तिच्या संथपणामुळे शत्रूला गाठता येणार नाही, म्हणून तिला कोळशाच्या जहाजांच्या सोबतीला ठेवतो, असं त्यांनीच लंडनला कळवलं. त्यांनी मागितलेली ‘डिफेन्स’ ही दमदार क्रूझर त्यांना मिळाली नाही. तो निर्णय अॅडमिरल्टीचा, म्हणजे लंडनमधल्या नौदल मुख्यालयाचा. एका आजारी माणसाच्या माथी हे सगळं मारणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय सोळा नॉट धरले तरी श्पे यांच्या नौका वीसच्या पुढे जात होत्या. ‘कॅनोपस’ला बरोबर घेऊन त्यांचा पाठलाग होणारच नव्हता.

ती बरोबर असती तर श्पे यांनी कदाचित लढाई टाळली असती आणि ती माणसं वाचली असती. ही शक्यता मी नाकारत नाही, तेव्हाचे नौदलमंत्री चर्चिल यांचा भरही यावरच होता. पण वाचणं वेगळं, जिंकणं वेगळं. तिच्या चार मुख्य तोफा आखूड नळीच्या, जुन्या. त्यांचा पल्ला श्पे यांच्या 8.2 इंची तोफांपेक्षा जास्त नव्हता. ‘कॅनोपस’वरचे बहुतेक लोक राखीव दलातून घाईनं बोलावलेले, तर समोर जर्मन नौदलातले नावाजलेले तोफची. त्यात खवळलेला समुद्र, आणि मावळतीच्या उजेडात ब्रिटिश नौका ठळक दिसत असताना जर्मन नौका काळोखात विरलेल्या.

‘उपयोग शून्य’ हे तर सर्वांत खोटं. कोरोनेलनंतर ‘कॅनोपस’ला फॉकलंडमध्ये पोर्ट स्टॅन्लीच्या बंदरात मुद्दाम चिखलात रुतवून बसवण्यात आलं, म्हणजे ती हलणार नाही आणि तिचा किल्ल्यासारखा उपयोग होईल. तिच्या काही लहान तोफा किनाऱ्यावर उतरवल्या, टेकडीवर टेहळणीची चौकी उभारली आणि चौकीपासून नौकेपर्यंत टेलिफोनची तार ओढली. कॅप्टन हीथकोट ग्रँट यांनी ही तयारी करून घेतली, तेव्हा मदत कधी पोहोचेल याची काहीच खात्री नव्हती.

8 डिसेंबरला सकाळी श्पे यांच्या ‘ग्नायझेनाउ’ आणि ‘न्यूर्नबर्ग’ या नौका बंदराकडे आल्या. आदल्याच दिवशी मदतीला आलेल्या ब्रिटिश अॅडमिरल स्टर्डी यांच्या ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘इन्फ्लेक्सिबल’ या बॅटल क्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांच्या वेगवान नौका, बंदरात होत्या आणि कोळसा भरण्याचं काम चालू होतं. त्या वेळी हल्ला झाला असता तर मोठी पंचाईत होती. ‘कॅनोपस’नं दहा किलोमीटरहून जास्त अंतरावर, टेकडीआडून, तोफा डागल्या. एका बुरुजात सरावाचे, न फुटणारे गोळे भरलेले होते आणि ते काढायला वेळच मिळाला नव्हता. त्यातला एक पाण्यावरून उसळून थेट ‘ग्नायझेनाउ’च्या धुराड्याच्या तळाशी लागला. जर्मन नौका वळल्या. स्टर्डी यांना बाहेर पडायला हवा होता तो वेळ मिळाला, आणि संध्याकाळ संपेपर्यंत ‘शार्नहोर्स्ट’, ‘ग्नायझेनाउ’, ‘न्यूर्नबर्ग’ आणि ‘लाइपझिग’ चारही बुडाल्या.

त्यानंतर ‘कॅनोपस’ तुर्कस्तानातल्या डार्डनेल्स सामुद्रधुनीच्या मोहिमेवर गेली. तिच्याच वर्गातल्या ‘ओशन’ आणि ‘गोलायथ’ 1915 मध्ये तिथंच बुडाल्या. मे महिन्यात ‘अॅल्बियन’ गाबा तेपेजवळ वाळूत रुतली आणि तुर्की तोफांच्या माऱ्यात सापडली, तेव्हा तिला ओढून बाहेर काढलं ते ‘कॅनोपस’नंच.